मेणातला तुकडा

मुंबईत पेशंटच्या नातेवाइकांना हमालीही करावी लागते. सौरभच्या आतड्यातल्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या वडीत घालून ठेवला होता. डॉक्टर त्याला ब्लॉक म्हणत. तो मुलुंडच्या हॉस्पिटलातून अंधेरीच्या लॅबमध्ये पोचवायचं काम माझ्याकडे आलं. सौरभ माझा धाकटा भाऊ. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे असली कामं घरात मलाच चिकटतात.

तपासणी जनुकांची होती. ठरावीक दोष निघाला तर नेहमीच्या केमोऐवजी इम्युनोथेरपी, आणि ती लागू पडायची आशा बरीच जास्त. पण तोच दोष पुढच्या पिढीतही गेलेला असू शकतो. आमचे बाबा याच आजाराने गेले. सौरभची मुलगी प्रांजल नऊ वर्षांची. "तिची तपासणी अठरानंतर," डॉक्टर म्हणाले.

मी ब्लॉकची डबी पर्समध्ये टाकली तेव्हा आई म्हणाली, "ता तेचा आंग आसा, बाय. आपटू नको."

मी हसले.

ब्लॉक लॅबमध्ये दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी नाहूरच्या आमच्या घरात पंखा नुसती गरम हवा फेकत होता, आणि सौरभ गोधड्या घेऊन कुडकुडत होता. ताप नव्हता. मग एकदम पोट धरून म्हणाला, "ताई, कोणीतरी आतून पातळ पातळ काप काढतंय गं."

लॅबमधल्या संघमित्राला मी सहज फोन केला. ब्लॉक आधी बर्फावर गार करतात, मग कापतात, ती म्हणाली. सौरभचा आज दुपारीच कापला होता.

योगायोग, असं मी स्वतःला बजावलं.

तपासणीला काप कमी पडले, असं लॅबने कळवलं. त्याला दुखलं तेव्हाच ब्लॉक कापला होता आणि आता पुन्हा कापायचंय, हे मी सौरभला भीतभीतच सांगितलं.

"कापू दे यार. औषध तरी कळेल ना?"

त्या दुपारी त्याने दातांनी उशीचा अभ्रा फाडला, पण ओरडला नाही. प्रांजल शेजारच्या खोलीत होती.

दोष निघाला. औषध त्याच्यासाठीच बनवल्यासारखं होतं. पहिली सलाइन लागायच्या आदल्या दिवशी त्याचं आतडं फुटलं आणि सौरभ गेला. मला अजून कुठेही रडू फुटतं, भाजीवाल्यासमोरसुद्धा.

तोच दोष माझ्यातही आहे का, हे बघायची आता पाळी होती. माझ्या रक्ताशी ताडून बघायला त्याचा ब्लॉक शेवटचा कापायचा होता. संघमित्राचा फोन आला. "मॅडम, घेतेय आता."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. पोटावर हात ठेवला.

काही नाही.

आणखी थांबले.

काहीच नाही. लाज वाटावी इतकं हायसं वाटलं मला.

बाहेरच्या खोलीत प्रांजल चित्र रंगवत बसली होती. आईची शाल तिने गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. ओठ निळसर पडले होते.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "बाबा म्हणतोय, ओरडायचं नाही. पण तू त्यांना सांग ना, जरा हळू कापा."