चौथ्या जाळीवरचे टोमॅटो

खाणावळीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या टोमॅटोच्या चार जाळ्या होत्या, आणि चौथीवरचे टोमॅटो कोणीतरी बदलले होते. चोरले नव्हते, बदलले होते. खाणावळीची थोरली मालकीण ही तक्रार घेऊन आली, तशा शोधकाम करणाऱ्या मास्तरीणबाई ताठ बसल्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. टोमॅटोच्या जागी टोमॅटोच ठेवले तर बिघडलं कुठे, हे काही त्या घड्याळजींच्या डोक्यात शिरेना.

दोघं खाणावळीत गेले. थोरलीने तेलात मुरवलेल्या टोमॅटोची बरणी पुढे केली. गेल्या आठवड्यात तिने स्वतःच घरापुरते केलेले. घड्याळजींनी एक तुकडा खाल्ला आणि लागोपाठ दोन पेले पाणी प्यायले. थोरलीने बोलता बोलता तीन संपवले.

तीन जाळ्यांना तिची धाकटी जाऊ मीठ लावायची, चौथीला ती स्वतः. टोमॅटो उभे चिरायची पद्धत तिचीच. काल संध्याकाळी मात्र चौथीवर आडवे चिरलेले, काळपट कडांचे तुकडे होते आणि लाकडी चौकटीला पांढरं काही लागलं होतं. तिला बुरशी वाटली. गच्चीची किल्ली फक्त दोघी जावांकडे. बावीस वर्षं एक चूल सांभाळली, आता वेगळं व्हायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

हे चालू असताना शेगडीवरचा कांदा करपला. आतल्या खोलीतून धाकटी धावत आली आणि तिने गॅस बंद केला. शेगडीला पाठ करून बसलेली थोरली वळली ती त्यानंतर.

मास्तरीणबाईंनी विचारलं तेव्हा धाकटी खाली मान घालून म्हणाली, आपण गच्चीवर गेलोच नाही. मग दोघं शेजारच्या बेकरीत गेले. बेकरीवाला म्हणाला, दुपारी भट्टी बंद असते, धाकट्या वहिनी फक्त पाव न्यायला येतात. घड्याळजी त्याच्या फळीला टेकले होते. बाईंनी त्यांची बाही झटकली आणि हाताला लागलेलं पीठ जरा वेळ बघत राहिल्या.

त्यांनी दोघी जावांना स्वयंपाकघरात समोरासमोर बसवलं.

"चौकटीला लागलंय ते पीठ आहे. उन्हात वाळलेल्या टोमॅटोची कड काळी पडत नाही, भट्टीत पडते. म्हणजे जाळी बेकरीत गेली होती, आणि किल्ली दोघींकडेच, तेव्हा नेणारी धाकटी. आडवे चिरले की लवकर वाळतात, म्हणून आडवे. बेकरीवाला तिच्यासाठी खोटं बोलला."

थोरलीने जावेकडे जळजळीत पाहिलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "नुकसानच करायचं तर नवे टोमॅटो चिरून कोण वाळवेल? तुमच्या हातची ती जाळी गिऱ्हाइकाच्या ताटात जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. का, ते ह्यांनी प्यायलेल्या दोन पेले पाण्यावरून कळलं. तुमचे टोमॅटो खारट होते, ते तुम्हाला लागले नाहीत. कांदा करपला, त्याचा वास आला नाही. कधीपासून?"

थोरलीने बरणीचं झाकण फिरवून घट्ट लावलं. घड्याळजींना उगाचच आपण मध्ये बसलोय असं वाटलं.

"थंडीत ताप आला होता," ती अखेर म्हणाली. "तेव्हापासून."

धाकटीला रडू फुटलं. त्या जाळीला थोरलीने दोनदा मीठ लावलं होतं, ते तिने पाहिलं होतं. "कोणत्या तोंडाने सांगू, ताई? चव म्हणजे काय ते तुम्हीच शिकवलंत मला."

वेगळं व्हायचा विषय थोरलीने काढलाच नाही. थोरली उठली, लहान पातेल्यात तेल घालून तिने लसूण टाकला, वर धाकटीच्या हातचे चार टोमॅटो सोडले आणि मागे सरली.

"सांग, कसा वास येतोय?"

धाकटीने डोळे पुसले, पातेल्यावर वाकली. "आधी आंबट येतोय. आता मागून गोडसर, पिकल्या अंजिरासारखा."

थोरलीने डोळे मिटले.

"आणि?"