सुभेदारांच्या पापण्या

"या बाईनं माझ्या बापाचं डोळं घालवलं. तेवढं सिद्ध करा, आजच तिला माहेरी घालवतो!" वीरधवल ओसरीवरूनच ओरडला.

ही बाई म्हणजे त्याची विधवा वहिनी, राजेश्वरी. सासरे लालासाहेब, निवृत्त सुभेदार, यांच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घालायचं काम तिचं. तरी सुभेदार आंधळे झाले. हिनं थेंब घातलेच नाहीत, असं भावकीनं ठरवून टाकलं. भावकीला बोलायला काय लागतं!

पुराव्यासाठी भावकीनं बोलावलेल्या मलकापूरच्या गुप्तहेर राजनंदिनी आत गेल्या. मागोमाग त्यांचा मदतनीस हरिबा. राजेश्वरीची पिशवी बांधून दाराशी तयार होती.

"रोज घातले, आईशप्पथ," ती म्हणाली. "बाटली भावजी कराडवरनं आणत्यात. सीलबी तेच फोडून देत्यात."

"खोटं बोलतीया," हरिबा कुजबुजला.

"तुम्हाला स्वतःची सासूसुद्धा खरी वाटली नव्हती, हरिबा," राजनंदिनी म्हणाल्या. " गप बसा."

लालासाहेब खाटेवर बसून होते. "घालती की पोरगी. पयलं लय झोंबायचं, आता न्हाई. सवय झाली."

"पापण्यांचे केस कापता का, आबा?" राजनंदिनींनी विचारलं.

"पयलं कापायला लागायच्या! न्हावी चिडवायचा, सुभेदार, लगीन हाय का? आता न्हाई वाढत."

राजनंदिनींनी वाकून पाहिलं. पापण्या आखूड आणि विरळ होत्या.

"मग भावकीपुढं का बोलला नाहीत?"

म्हातारा घुटमळला. "पोटचा पोरगा सांगत हुता. वाटलं, मला आंधळ्याला काय दिसतंय."

बाहेर वीरधवल घामानं निथळत होता. टोपी काढून त्यानं डोकं पुसलं आणि घाईनं परत घातली. वर गुळगुळीत टक्कल, पण कपाळाच्या कडेला काळी कोवळी लव.

"तीन स्थळं मोडली," तो चिडून म्हणाला. "टकल्याला कोण पोरगी देतंय? त्यात घरात ही अवदसा!"

राजनंदिनींनी सगळ्यांना खाटेभोवती बोलावलं.

"थेंब रोज पडले, पण पाण्याचे. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे शरीरात बनणारं एक द्रव्य; या औषधात तसाच पदार्थ असतो. त्यानं डोळ्यातला दाब उतरतो, आणि पापण्याही वाढतात. औषध बंद झालं की त्या पुन्हा पहिल्यासारख्या होतात. आबांच्या झाल्या. झोंबायचंही थांबलं."

"मग दुकानदारानं फसवलं!" हरिबा म्हणाला.

"नाही. औषध अस्सल होतं, त्यानं दुसऱ्याचे केस उगवलेत. टकलाच्या कातडीत एक एन्झाइम प्रोस्टाग्लँडिनचा एक प्रकार जास्त बनवतं, तो केस रोखतो. बाटलीतला प्रकार उलटा, केस वाढवणारा. मोबाइलवर कुणालाही वाचायला मिळतं. सील फोडून औषध काढून घ्यायचं, पाणी भरायचं आणि बाटली वहिनीच्या हाती द्यायची. वीरधवल, टोपी काढा."

त्यानं टोपी घट्ट धरली. मग खाटेपाशी खाली बसला.

"दुकानात सोत्तासाठी मागायची लाज वाटली, आबा. वाटलं, थोडे दिस न्हाई मिळालं तर काय व्हतंय..."

"आणि आळ माझ्यावर घातलात!" राजेश्वरी कडाडली.

लालासाहेबांनी हात पुढं केला. चाचपडत टोपी काढली आणि लेकाच्या कपाळावरून तळवा फिरवला.

"आलेत व्हय रं?"

वीरधवल हमसून रडत होता. म्हाताऱ्यानं मान वळवली.

"पोरी, तू बघून सांग."

राजेश्वरीनं दाराशी जाऊन पिशवी उचलली.

"थोडं आल्यात, आबा," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.