चादर घेऊन येणारा माणूस

खोटं वाटेल. वाटू दे.

पण यातलं अक्षर न् अक्षर घडलेलं आहे. इथेच, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, २०१२ सालच्या मे महिन्यात. वार मंगळवार. आणि आधीच सांगितलेलं बरं, यात काळोखी रात्र नाही की वादळवारा नाही. जे झालं ते सकाळी सव्वासातला, लख्ख उन्हात झालं.

ज्याच्यावर गुदरलं तो व्हर्नन पास्को. आमच्या लॉरेनचा नवरा. तेव्हा वय एकसष्ट. शाळेच्या बस दुरुस्त करण्यात हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर सगळा जीव परसातल्या भाजीत. वाटाणा, घेवडा, कोबी, टोमॅटो. माणूस स्वभावाने गरीब. निदान त्याचं स्वतःबद्दल तसं मत होतं.

आता भाजी लावली की ग्राउंडहॉग आलाच. घुशीचा थोरला भाऊ म्हणा. मांजराएवढा, आणि खायला राक्षस. एका सकाळीत अख्खा वाफा फस्त.

शेजारीपाजारी सरळ गोळी घालायचे.

व्हर्नन नाही. "माझ्या हातून जीव जाणार नाही," असं तो चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचा.

त्याची पद्धत वेगळी. जाळीचा पिंजरा लावायचा, आत खरबुजाची फोड. सकाळी पिंजऱ्याचं दार पडलेलं असायचं, आत जनावराची धडपड. मग वरून लॉरेनची जुनी निळ्या फुलांची चादर टाकायची. अंधार झाला की जनावर गप्प बसतं. पिंजरा पिकअपमध्ये ठेवायचा, नदीवरचा पूल ओलांडायचा, आणि सहा मैलांवर, जंगल सुरू होतं तिथे, दार उघडायचं.

झालं. सुटला एकदाचा.

कायद्यात हे बसत नव्हतं, पण इथे सगळेच करतात. आपल्या घरची ब्याद दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायची, आणि वर स्वतःला दयाळू म्हणवून घ्यायचं!

हो, दुसऱ्याच्या दारात. कारण त्या जंगलाच्या तोंडाशी, उतारावर, एक घर होतं.

इर्मा होलुबचं घर.

बाई त्र्याऐंशीची. एकटी. पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. व्हर्नन लहानपणी नुसता हाडांचा सापळा होता, तर ही त्याच्या ताटात बटाट्याचा दुसरा डाव टाकायची. "घे रे, लाजतोस काय?" म्हणायची.

म्हणजे व्हर्ननला माहीत होतं तिथे कोण राहतं. पण वरून फक्त तिचं धुराडं दिसायचं. आपल्याला घर दिसत नाही म्हणजे घरातून आपण दिसत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

२०११ च्या उन्हाळ्यात त्याने तिथे सतरा जनावरं सोडली. अकरा ग्राउंडहॉग, पाच कोंबडीचोर रॅकून, एक घाण वास सोडणारा स्कंक. आकडा लोकांना कौतुकाने सांगायचा. जागा कधी सांगितली नाही.

जुलैतल्या एका सकाळी त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं, जनावर उताराने पळालं, आणि...

खाली इर्माच्या घराचं स्प्रिंगचं दार आपटलं.

"कोण आहे तिकडे?"

व्हर्नन चादर हातात घेऊन पिकअपमागे खाली बसला. साठीचा माणूस! चोरासारखा, गुडघे पोटाशी घेऊन.

ती पुन्हा म्हणाली, "कोण आहे?"

आणि मग, अगदी साध्या आवाजात, "अरे बाबा, जो कोणी असशील तो... आता इथे त्यांना खायला काही उरलं नाही रे."

दार लागलं. व्हर्नन घरी आला, हात धुतले, नाश्ता केला.

पुढच्या आठवड्यात त्याने आणखी दोन नेऊन सोडले.

ऑगस्टमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलवर गावजेवण होतं. भाजलेली कोंबडी, बटाटे, कोबीची कोशिंबीर. समोर येऊन बसली जोनेल. इर्माची मुलगी, तासाभराच्या अंतरावर राहायची. चेहरा पार ओढलेला.

"काय गं, आई कशी आहे?" लॉरेनने विचारलं.

"काही खरं नाही तिचं," जोनेल म्हणाली. "वाफे साफ झालेत. कोंबड्या संपल्या. ओट्याखाली एवढी बिळं, की ओटा खचलाय. रात्र रात्र झोपत नाही. आणि म्हणते काय... एक माणूस येतो. सकाळी. हातात फुलांची चादर असते. झाडीत उभा राहतो आणि माझ्या अंगावर जनावरं सोडतो."

सगळं टेबल तिच्याकडे बघायला लागलं.

"डॉक्टर म्हणतात, या वयात असे भास होतात. तिला आता एकटीला ठेवू नका." जोनेलने डोळे टिपले. मग एकदम व्हर्ननकडे वळली. "तू पुलापलीकडे जातोस ना? तुला कधी दिसला का रे असा कोणी?"

एक शब्द. एवढंच लागत होतं. 'मी' म्हटलं असतं तर म्हातारी आपल्या घरात राहिली असती.

"नाही बुवा," व्हर्नन म्हणाला.

बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? सगळे आपल्याकडे बघतायत म्हणून हा पुढे बोलला, "चादर घेऊन येतो? मग इस्त्रीसुद्धा करून देतो का, विचार ना तिला!"

टेबल खो खो हसलं. जोनेलही हसली, रडता रडता.

लॉरेन हसली नाही. चादर कोणाची ते तिला ठाऊक होतं. पण तीही बोलली नाही. आमचंच माणूस, काय सांगणार? लाज वाटते.

सप्टेंबरात इर्माला वृद्धाश्रमात नेलं. जाताना दाराची चौकट सोडत नव्हती म्हणे. "मला वेड नाही लागलेलं. मी पाहिलंय त्याला," एवढंच शेवटपर्यंत म्हणत राहिली. फेब्रुवारीत गेली. शवपेटी धरायला माणसं कमी पडली, तेव्हा जोनेलने हाक कोणाला मारावी? व्हर्ननला. आणि हा गेला. पेटी उचलली, मान खाली घालून चालला, जोनेलने आभार मानले तेही ऐकून घेतले.

आता तो मंगळवार.

आदल्या संध्याकाळी वाटाण्याचे शेंडे कुरतडलेले दिसले, म्हणून त्याने पिंजरा लावला होता. सकाळी सव्वासातला गेला. दार पडलेलं.

आत...

काहीच नव्हतं.

खरबुजाची फोडही जशीच्या तशी. दार आपोआप पडलं असेल, असं म्हणून त्याने पिंजरा उचलला.

उचलेना.

दोन्ही हात लावले तेव्हा कुठे जमिनीवरून सुटला. आणि सुटता सुटता... मागच्या बाजूला कलला.

जनावर असलं की पिंजरा असाच कलतो. माणूस जवळ आला की ते मागे पळतं. सतरा वेळा त्याच्या हातांनी तो हेलकावा झेलला होता. त्याने पिंजरा खाली ठेवला. वाकून पाहिलं. जाळी रिकामी. पण तळाची तार मधोमध खाली वाकली होती, आणि आत काहीतरी चुळबुळत होतं.

"लॉरेन! अगं, इकडे ये!"

ती गाऊनवरच आली. "काय झालं?"

"हा उचल."

तिने एका हाताने उचलला. "रिकामा तर आहे."

"वजन लागत नाही तुला?"

"कसलं वजन?"

त्याने तिच्या हातातून घेतला, आणि त्याचा खांदा खाली ओढला गेला. लॉरेन त्याच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी जोनेल आईबद्दल सांगत होती, तेव्हा सगळं टेबल जसं बघत होतं, अगदी तसंच.

हाताला सवय होती तेच व्हर्ननने केलं. पिंजऱ्यावर चादर टाकली.

आणि आतली चुळबुळ... थांबली.

पूल ओलांडेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. जंगलाच्या तोंडाशी पिकअप उभी केली. चादर काढली, दार उघडलं. बाहेर काहीच आलं नाही.

पण समोरचं गवत... दुभंगलं.

एक रेघ उताराने खाली गेली. मग दुसरी. मग तिसरी. एकामागून एक, सगळ्या त्या धुराड्याच्या दिशेने. पिंजरा हातात हलका हलका होत गेला. खालून माती उकरल्याचा आवाज आला. लाकूड कुरतडल्याचा आला.

त्या घराला सप्टेंबरपासून कुलूप होतं. किल्ली जोनेलकडे.

आणि तरी... स्प्रिंगचं दार आपटलं.

"कोण आहे तिकडे?"

तोच आवाज.

आता तिथे चिटपाखरू नव्हतं. हसणारं टेबल नव्हतं. 'मी, व्हर्नन' एवढं म्हणायचं होतं.

व्हर्नन पिकअपमागे खाली बसला. मेलेल्या बाईलासुद्धा त्याने तोंड दाखवलं नाही.

मग खूप जवळून, पिकअपच्या पलीकडून, हळूच...

"लाजतोस काय रे?"

घरी कसा आला ते त्याला आजही सांगता येत नाही. चादर त्याने परसातल्या पिंपात जाळली. पिंजरा पिकअपच्या चाकाखाली घालून चेपला आणि भंगारात दिला. लॉरेनला सगळं सांगितलं, जुलैपासूनचं.

"मला सांगून काय उपयोग? जोनेलला सांग," ती म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"उद्या."

असे तीन आठवडे गेले. रोजचा उद्या.

मग जूनमधली ती सकाळ. साडेसात वाजले होते. व्हर्नन स्वयंपाकघरात टेबलाशी, पुढ्यात अंडी आणि टोस्ट. लॉरेन कॉफी ओतत होती. फोन वाजला.

जोनेल. घर विकायचं म्हणून ती आणि तिचा नवरा चार दिवसांपासून आईच्या घरी राहून आवराआवर करत होते.

"व्हर्नन," तिचा आवाज अगदी दबका होता. "एक विचारते. हसू नकोस."

"नाही हसत."

"वर झाडीत... कोणीतरी उभं आहे. आत्ता. मी खिडकीतून बघतेय. आज तिसरी सकाळ. हातात चादर आहे रे... निळ्या फुलांची." तिला नीट बोलता येत नव्हतं. "ह्यांना दिसत नाही. हे म्हणतात, आईचंच सुरू झालंय तुला. आजच डॉक्टरकडे जाऊ म्हणतात. तू खरं सांग, तुला कधी दिसला का रे असा कोणी?"

तोच प्रश्न. शब्दाला शब्द.

आणि गंमत बघा. या खेपेला 'नाही' हेच खरं उत्तर होतं. तो स्वतःच्या घरात बसला होता. चादरीची राख होऊन तीन आठवडे झाले होते. 'मी नाही गं, मी इथे आहे' म्हटलं असतं, तर त्यात खोटं काही नव्हतं. फक्त जोनेल आईच्या वाटेने गेली असती.

"मीच आहे तो," व्हर्नन म्हणाला.

लॉरेनने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"जोनेल, मीच. गेल्या वर्षीही मीच होतो. सतरा जनावरं मी सोडली तिच्या दारात. तिने हाक मारली तर लपून बसलो. तू विचारलंस तर सगळ्यांसमोर खोटं बोललो, वर थट्टा केली. तिला काही झालेलं नव्हतं. तुलाही काही झालेलं नाही."

जोनेलने एकच विचारलं.

"आत्ता उभा आहे तोही तूच?"

"हो."

"मग हात वर कर."

व्हर्ननने लॉरेनकडे पाहिलं. मग त्या टेबलाशी, सहा मैल अलीकडे, टोस्ट पुढ्यात असताना, त्याने उजवा हात वर केला.



"हं," जोनेल म्हणाली. "केलास."

व्हर्ननचा हात तसाच वर राहिला.

"म्हणजे आई खरं बोलत होती," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर जोनेल त्याच्याशी आजवर बोललेली नाही. का बोलावं? गावात सगळ्यांना तिने सांगितलं, आणि बरंच झालं. आता हॉलवर जेवण असलं की व्हर्नन टोकाला बसतो, आणि त्याच्या शेजारी सहसा कोणी बसत नाही. लॉरेन बसते.

लॉरेन समोर उभी होती म्हणून हे सांगायची हिंमत तरी होते. हात वर करताना तिने त्याला पाहिलं. त्याच वेळी जोनेलनेही पाहिलं. दोघींपैकी कोणीही खोटं बोलणारी नाही.

ते घर पुढे एका तरुण जोडप्याने घेतलं. त्यांना एक लहान मुलगी आहे. गेल्या महिन्यात ती बाई किराणा दुकानात लॉरेनला म्हणाली, "आमची पोर रोज सकाळी खिडकीत उभी राहून वर झाडीकडे बघून हात हलवते. म्हणते, तो माणूस पण हात वर करतो."

लॉरेनने घरी येऊन हे व्हर्ननला सांगितलं नाही. कारण हल्ली साडेसातला, नाश्ता करता करता, त्याचा उजवा हात आपोआप वर जातो... आणि त्याला ते कळतसुद्धा नाही.