तराईचे पंधरा दिवस

"घराले आधी पाणी पाजा, मंग घर तुमाले सावली देईन." हे पोचू मिस्त्रीचं वाक्य. पोचू सिरोंच्याकडचा. विटांपेक्षा बोलण्याचे थर जास्त रचायचा, पण त्याचा गिलावा असा की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. आतल्या खोलीच्या भिंती गुळगुळीत करून झाल्या, तेव्हा थापी धूत तो दामिनीला म्हणाला,

"अम्मा, पंधरा दिवस तराई. दिवसातून तीन डाव पाणी मारायचं. दुपारचं तर चुकवायचंच नाई. दुपारी भिंत लई पिते."

पोंभुर्ण्याहून आत गेलं की तलावाच्या पाळीखाली हे गाव. दामिनीचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. नवरा देवानंद ऊर्जानगरला कंत्राटी कामावर, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. सासू देवकाबाई सकाळी तलावावरून मासोळी घेऊन बाजारात जायची, ती उन्हं उतरल्यावर परत. सगळे राहत होते जुन्या मातीच्या घरात, आणि त्याच्या मागच्या बाजूला हे नवं घरकुल उभं राहत होतं. बाकी खोल्यांत मुरूम भरून झाला होता. आतल्या खोलीपुरता मुरूम कमी पडला आणि ट्रॅक्टर मिळेना, म्हणून तिची जमीन उंबरठ्यापेक्षा हातभर खालीच राहिली होती. दामिनी त्या खोलीत उतरायची ती विहिरीत उतरल्यासारखी, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातानं चौकट धरून.

पहिल्या दुपारी तिनं मगानं पाणी फेकलं. भिंतीनं सुऽऽस असा आवाज केला. उन्हातून आलेल्या माणसानं तांब्या तोंडाला लावावा तसा. पाणी खाली ओघळायच्या आत भिंतीनं ते ओढून घेतलं.

"पी माय, पी," दामिनी हसून म्हणाली.

आता सासरी आठ महिने नीट बोलायला कुणी नसलेल्या बाईनं एकदा तोंड उघडलं, की ते मिटायचं कसं? दुसऱ्या मगाला ती म्हणाली, "हे पाय, या खिडकीखाली माही शिलाई मशीन. उजेड डाव्या हातानं आला पायजे. अन बाहेर पाटी. दामिनी लेडीज टेलर." भिंतीनं तेही ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी कपाट कुठं, आरसा कुठं ते झालं. तिसऱ्या दुपारी तिनं इकडंतिकडं पाहिलं, भिंतीच्या अगदी जवळ गेली आणि जे देवानंदलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. महिन्यावर दहा दिवस उलटले होते.

"अन या कोपऱ्यात पाळणा. पोरगीच होईन. दुर्गा नाव ठेवीन."

भिंतीला सांगितलं म्हणजे कुणालाच सांगितलं नाही, असं तिला वाटलं. तुम्हा-आम्हालाही तसंच वाटलं असतं.

चौथ्या दुपारी भिंत सुकून पांढरी पडत आली, पण कोपऱ्यात एक डाग ओलाच राहिला. जमिनीपासून वीतभर उंचीवर. दामिनी वाकली. तो डाग नव्हता, पंजा होता. पाच बोटं. बोरांएवढाली.

गावातली पोरं भुतापेक्षा बिलंदर असतात. तिनं मनातल्या मनात दोघा-तिघांच्या आयांचा उद्धार केला आणि बादली उचलली. मग तिची नजर खाली गेली. खालची माती ओली, मऊ होती. तिच्यावर पावलं उमटलेली होती, पण सगळी तिचीच.

तरी ती घाबरली नाही, हे खरं सांगतो. बाईला दिवस गेले की तिचं भय थोडं बाजूला सरकून बसतं. त्या इवल्या पंजाकडे पाहून तिला उलट माया आली. "आली का वं?" ती म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली. झबलं कोणत्या कापडाचं, पहिलं जावळ कुठं.

पाचव्या दुपारी पंजा सहा बोटं वर होता. सहाव्या दुपारी आणखी सहा बोटं. दामिनी रोज थोडं पुढचं सांगायची. रांगेल, उंबरठा धरून उभी राहील, अंगणवाडीत जाईल आणि खिचडी सांडून येईल. पंजा रोज थोडा वर चढायचा. पाणी वाळलं की तोही वाळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला, पुन्हा वर.

ध्यानात आलं ते बाराव्या दिवशी. ती अंगणवाडीपुढून येत होती. आत ताई लेकरांची उंची मोजत होत्या. लेकरू भिंतीला टेकवायचं, डोक्यावर आडवा पंजा ठेवायचा आणि पंजा जिथं भिंतीला लागेल तिथं खूण करायची. दामिनीचे पाय तिथंच थांबले. मग घरी आली ती तशीच नव्या खोलीत उतरली. त्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं, "दुर्गा दोन वेण्या घालून पहिलीच्या वर्गात जाईन." पुढं तिच्या तोंडून शब्द फुटेना. भिंत सुकली. पंजा पाच विती उंचीवर होता.

तेराव्या दिवशी ती गुपचूप पाणी मारून उभी राहिली. पंजा तिथंच. चौदाव्या दिवशीही तिथंच. एक बोटसुद्धा वर नाही.

सहा वर्षांच्या लेकराची उंची. तिथं थांबला म्हणजे काय थांबलं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यात चौदाव्या दिवशी शनिवार. देवानंद नाचतच आला. "ट्रॅक्टर भेटला! उद्या खोलीत मुरूम टाकतो पोचू. हातभर भरती."

दामिनीनं हातातलं ताट खाली ठेवलं. मनातल्या मनात तिनं भिंत मोजली. पाच वितींतून हातभर, म्हणजे दोन विती, गेल्या की तीन उरतात. शेजारच्या घरात सव्वा वर्षाचं लेकरू भिंत धरून उभं राहायचं, ते बरोबर तेवढं होतं.

"त्या खोलीत भरती नोको," ती म्हणाली.

"काऊन?"

"नोको म्हणजे नोको."

"पागल झाली का तू? एक खोली खड्ड्यात ठेवायची? लोक हासतीन ना!"

"हासू द्या."

रविवारी सकाळी ट्रॅक्टर दारात आला. पोचू मिस्त्री फावडं घेऊन उभा राहिला, आणि दामिनी चौकटीत आडवी बसली. "अय्यो अम्मा," पोचू डोक्याला हात लावून म्हणाला, "पावसाळ्यात पाणी भरन. बेंडकं येऊन बसतीन मशीनवर. तुमी बिलाउज शिवसान का बेंडकाले आंगडं?"

ती हसली नाही. देवानंदचा आवाज चढला. ट्रॅक्टर यायचा म्हणून देवकाबाई त्या दिवशी बाजारात गेली नव्हती, गडबड ऐकून ती बाहेर आली. तिनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला ओलांडून खोलीत उतरली. सकाळचं पाणी मारलेलं होतं, भिंत सुकत आली होती. म्हातारी बराच वेळ आत राहिली. मग तिनं हाक मारली.

"सूनबाई, इकडं ये. एकटीच ये."

दामिनी उतरली. देवकाबाईनं कोपऱ्याकडे बोट केलं नाही, नुसती तिकडं तोंड करून उभी होती.

"किती महिने?"

"दुसरा लागला, आई."

"आधी कोणाले सांगतलं?"

दामिनीची नजर कोपऱ्याकडे गेली.

"भिंतीले सांगतलं… हो ना?" देवकाबाई हळू आवाजात म्हणाली. "आमी मातीची भिंत पोतारताना तोंडात सुपारी धरून ठेवत होतो. काऊन, ठाव हाये? ओली भिंत आयकते. अन आयकते तेवढंच धरते. अर्धं सांगतलं तर अर्धंच. तू कुठवर सांगतलं?"

"पहिलीत जाईन… दोन वेण्या घालून…"

"अन पुढं?"

"पुढं मले भेव वाटलं."

देवकाबाई पदर खोचून म्हणाली, "आज पंधरावा दिवस हाये. उद्यापासून भिंत पक्की. मंग हिले काई आयकू येनार नाई. पाणी मी भरून आणतो. तू बोल."

वर येऊन तिनं लेकाला सांगितलं, "खोली तशीच राहू दे." देवानंदनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ट्रॅक्टरवाल्याला अंगणाकडे हात केला. मुरूम अंगणात पडला.

त्या दिवशी भर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत दामिनी त्या भिंतीशी बोलत होती. देवकाबाई हापशावरून बादल्या आणत होती. दुर्गा दुसरीत जाईल, तिसरीत जाईल. पाण्याला भिणार नाही, तलावात पोहेल. सायकलवर पोंभुर्ण्याच्या शाळेत जाईल. दहावीला गणितात नापास झाली तरी चालेल, पुन्हा बसेल. नोकरी करेल. तिला आवडेल त्या पोराशी लग्न करेल, आणि तो पोरगा देवानंदला आधी आवडणार नाही. लेकरं होतील. लेकरं उलटून बोलतील. गुडघे दुखतील. केस पिकतील. दात पडतील, कवळी ताटात काढून ठेवेल आणि नातवंडं किंचाळून पळतील… तिचा घसा बसला. जगात आजवर कुठल्या आईनं लेकीचं म्हातारपण इतकं जीव तोडून मागितलं नसेल. भिंत सुऽऽस करून पीत राहिली.

संध्याकाळी भिंत सुकली, सगळी एकसारखी पांढरी. पंजा कुठंच नव्हता. वर नाही, खाली नाही, जुन्या जागीही नाही. भिंतीनं ऐकलं की नाही, हे कळायला काही मार्ग उरला नाही. दामिनीनं जिथं तो शेवटचा दिसला होता तिथं एक खिळा ठोकला आणि त्यावर कॅलेंडर अडकवलं.

दुर्गा झाली. पोरगीच झाली. खोली खड्ड्यातच राहिली. खिडकीखाली मशीन आलं, बाहेर पाटी लागली, आणि ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया सहा वर्षं त्या खोलीत ठेचाळत उतरत राहिल्या. "दामिनीच्या दुकानात पडल्याशिवाय माप घेत नाई," असं गाव म्हणायचं. दर पोळ्याला दामिनी लेकीला कॅलेंडरच्या भिंतीला टेकवायची. खिळा आणि डोकं यांच्यातलं अंतर बोटांनी मोजायची आणि त्या रात्री जेवायची नाही.

दुर्गा पहिलीत गेली. दोन वेण्या घालून गेली. त्या वर्षी दामिनीनं तिला तलावाच्या पाळीवर जाऊ दिलं नाही, झाडावर चढू दिलं नाही, साधा ताप आला तरी दवाखान्यात नेलं. आणि गेल्या पोळ्याला लेक भिंतीला टेकली, तेव्हा खिळा तिच्या डोक्यामागं गेला. डोकं दोन बोटं वर.

दामिनी मशीनच्या स्टुलावर बसली ती कितीतरी वेळ उठली नाही.

"आता तरी भरू का वं हा खड्डा?" देवानंदनं दारातून विचारलं. तिनं मान डोलावली. देवकाबाईला आता नीट ऐकू येत नव्हतं, पण तिनंही हात वर करून "भर" म्हटलं.

पोचू मिस्त्री आला. केस पांढरे झाले होते, बोलणं तेच. "बेंडकं कुठी गेले, अम्मा?" दोन दिवसांत हातभर मुरूम पडला, वर सिमेंट पडलं. सहा पावसाळ्यांत भिंतीचा खालचा गिलावा फुगला होता, तो खरवडून त्यानं गुडघ्याएवढा नवा पट्टा ओढला. जाताना म्हणाला, "तराई विसरू नका. दुपारचं चुकवू नका."

दामिनी विसरली नाही. पण या वेळी ती तोंडात सुपारी धरून पाणी मारायची. सांगण्यासारखं एक होतं. महिन्यावर सहा दिवस झाले होते. ते तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला नाही आणि भिंतीला तर नाहीच.

तिसऱ्या दुपारी जेवणं झाल्यावर ती खोलीत आली. दुर्गा नव्या पट्ट्यापाशी उकिडवी बसली होती. रिकामा मग शेजारी पडला होता. नवा गिलावा सुकून पांढरा झाला होता. कोपऱ्यात मात्र, नव्या जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक जागा ओली होती.

पाच बोटं. बोरांएवढाली.

"दुर्गे…" दामिनीच्या तोंडातली सुपारी खाली पडली. "काय करून राह्यली तू इथी?"

"काई नाई. मघाशी भिंतीशी बोलत होती. पाणी टाकलं का कशी सुऽऽस करते, आई!"

"काय… काय बोलली?"

"बाळ येनार हाये म्हटलं. त्याचं नाव मी ठेवनार म्हटलं."

हे हिला कुणी सांगितलं, ते दामिनीला विचारायचं होतं. पण आधी दुसरंच विचारणं भाग होतं.

"अन पुढं? पुढं काय सांगतलं, बाई?"

"पुढं कुठी काय?" दुर्गा म्हणाली. "तू जेवाले हाक मारली ना."

"बादली आण," दामिनी म्हणाली. "भरून आण. धाव!"

पोरगी धावत गेली. हापशाचा दांडा करकरू लागला. दामिनीनं भिंतीला तोंड लावलं, ओला पंजा आपल्या पंजाखाली झाकला आणि बोलायला सुरुवात केली. रांगेल, उभा राहील, शाळेत जाईल… तोच तिच्या हाताखाली आवाज झाला. सुऽऽस. उन्हातून आलेल्या माणसानं तांब्या तोंडाला लावावा तसा.

पाणी अजून आलं नव्हतं. हापसा अजून करकरतच होता. आणि भिंत तिच्या तळहातातून पीत होती.