सहीच्या आधी

चॅपल आणि प्रवेश विभाग यांच्यात एकच भिंत होती, आणि त्या सकाळी चॅपलमधल्या ऑर्गनचा एक सूर अडकला होता. बाकावर कुणी नाही, कळ कुणी दाबलेली नाही, तरी सूर आपला चालूच. तासाभरात अख्खं ऑफिस त्याच पट्टीत बोलायला लागलं. प्रवेशाच्या कडेच्या खिडकीवरचे मामा शिक्के मारायचे, तेही म्हणे सुरात उमटायला लागले. ज्याला पटत नसेल त्याने मामांना विचारावं. ते याहून जास्त सांगतील.

मधल्या खिडकीत ती बसायची. लोक तिला नियमताई म्हणत. विद्यापीठाची नियमावली तिला झोपेतून उठवून विचारली तरी कलमासकट यायची. एकदा तापाने फणफणलेली असताना तिने तपासायला आलेल्या डॉक्टरांनाच नर्सिंगची पात्रता सांगितली होती.

त्या दिवशी तिच्या खिडकीत एक चेहरा उगवला. केसांत धूळ, कानामागे पेन्सिल, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"कुठल्या अभ्यासक्रमाला प्रवेश?" तिने वर न बघताच विचारलं.

"प्रवेश नको. तुमचे कान हवेत."

आता तिने वर बघितलं.

"ऑर्गन दुरुस्त करायला आलोय," तो म्हणाला. "आत नळ्यांमध्ये शिरलं की सगळंच घुमतं, सूर थांबला की नाही कळत नाही. तो वरचा झरोका आहे ना, त्यातून तुम्ही दिसता मला. थांबला की हात वर करा."

"हे माझ्या कामात येत नाही."

"आवाज तर येतोय ना कामात?"

तो गेला. थोड्या वेळाने सूर एकदम तुटला. तिने हात वर केला... आणि रांगेतल्या लोकांना वाटलं, ख्रिस्ती विद्यापीठ आहे, प्रवेशाची अशीच काही रीत असेल. एकेक करत सगळ्यांनी हात वर केले. एका मुलीच्या वडिलांनी तर डोळेही मिटले.

दुसऱ्या दिवशी तो चक्क रांगेत उभा.

"नर्सिंगची माहिती हवी होती."

तिने पात्रता सांगितली, पहिल्या वर्षापासून रुग्णालयात काम असतं तेही सांगितलं.

"रक्त बघावं लागतं?"

"नर्सिंग आहे ते."

"मग राहू दे. मला टाचणी टोचली तरी भिंत धरावी लागते."

त्यानंतर तो ईश्वरविज्ञानाची चौकशी करायला आला.

"आपल्या मंडळीच्या पाळकांचं शिफारसपत्र, दोन प्राचीन भाषा, आणि दर आठवड्याला सगळ्यांपुढे उपदेश," ती म्हणाली.

"उभं राहून?"

"झोपून कुणी देत नाही. झोपून ऐकतात."

नियमताई ऑफिसात विनोद करते हे मामांनी प्रथमच ऐकलं. तो गेल्यावर ते खुर्ची सरकवून जवळ आले.

"ताई, याला अभ्यासक्रम नकोय. याला खिडकी आवडलीय."

"चौकशी कितीही वेळा करता येते, मामा. तसा नियम आहे."

"असेल. पण नियमाने कुणाचे कान लाल होत नाहीत."

पुढच्या खेपेला मात्र तो काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, "चर्च संगीताची पदवी आहे. तीन वर्षं. रोज सकाळी चॅपलला हजर राहायचं, आणि मुख्य वाद्य ऑर्गन."

त्याच्या तोंडावर आलेली थट्टा तिथेच विरली.

"वाजवायला शिकवतात?"

"वाजवायलाच."

तो पिशवीचा पट्टा चाचपत राहिला. "मी यांचं पोट साफ करतो, गळा साफ करतो. माझे वडीलही हेच करायचे. पण मला अख्खं एक गाणं येत नाही... बाजा बोलता केला की दुसरं कुणीतरी येऊन बसतं, आणि मी पिशवी भरतो." मग तो कसनुसा हसला. "जाऊ द्या. शाळा अर्ध्यात सुटलेली माझी. मला कोण घेणार?"

"कलम आहे," ती म्हणाली. "कामाचा अनुभव शिक्षणाच्या जागी धरतात. विभागप्रमुखांनी पारख करायची."

आणि ती पदर खोचून कामाला लागली. त्याला पाळकांकडे पिटाळलं. ज्या चर्चमधले ऑर्गन त्याने दुरुस्त केले होते, तिथून तिने शिफारशी मागवल्या. संगीत विभागाचे प्रमुख असे की आकाशवाणी झाली तरी अर्ज करून या म्हणतील. त्यांना तिने हाताला धरून ऑर्गनच्या मागे नेलं आणि त्याचं काम दाखवलं. प्रमुखांनी त्याला एक स्वर गायला लावला, मग दुसरा. प्रवेश समितीने त्याची निवड केली.

त्या संध्याकाळी ती खुशीत घरी निघाली, आणि फाटकापाशी तिला आचारसंहिता आठवली.

कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्यात प्रेम चालणार नाही. जुळलं, तर दोघांपैकी एकाने विद्यापीठ सोडायचं. प्रवेशाच्या आधीच लग्न झालेलं किंवा ठरलेलं असेल तर हरकत नाही. विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी खिडकीवर तसं सांगायचं, की मग त्याची फाइल दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे जाते. बाकीच्यांना अपवाद नाही. आणि इथे तर अजून एक शब्दही कुणी बोललेला नव्हता. बाईने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता, तोही कलमासकट.

एखादा कागद कमी दाखवला असता तर त्याचा प्रवेश रखडला असता. असा विचार तिच्या मनात आला, आणि चहा निवेपर्यंत टिकला. पण 'वाजवायला शिकवतात?' हे विचारतानाचा त्याचा चेहरा काही हलेना. कागद सगळे जागच्या जागी राहिले.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मागे लांब रांग. तिने एकेक प्रश्न विचारला, उत्तरं लिहिली. मग पेन खाली ठेवलं.

"आता नीट ऐका. हे मी सगळ्यांना विचारते. इथल्या कुणा कर्मचाऱ्याशी तुमचं लग्न झालंय... किंवा ठरलंय?"

"नाही हो," तो हसला, "माझं कुणाशी ठर—"

"थांबा."

तो थांबला. रांगही थांबली.

"एकदा सही झाली की तुम्ही विद्यार्थी, मी कर्मचारी. तीन वर्षं. काही बोलायचं राहिलं असेल तर ते राहिलंच. नंतर बोललात, तर एकाला जावं लागेल. तुम्हाला मी जाऊ देणार नाही. म्हणजे मला जावं लागेल." ती टेबलाकडे बघत होती. "मला ही नोकरी आवडते."

तो खिडकीकडे वाकला.

"म्हणजे जे काय बोलायचं ते सहीच्या आधी?"

"आधी."

"मला नर्सिंग नको होतं."

"कळलं होतं ते."

"ईश्वरविज्ञानही नको होतं."

"तेही."

"संगीत हवंय. खरंच हवंय. आणि..." त्याने खिडकीची कड धरली, टाचणी टोचल्यासारखी. "तुम्ही हव्या आहात. दोन्ही मागितली तर हावरटपणा होईल, म्हणून बोललो नाही. लग्न कराल माझ्याशी?"

"करेन," ती म्हणाली. मग तिने उठून फाइल शेजारच्या खिडकीवर ठेवली. "मामा, ही आता माझ्याकडे राहू शकत नाही."

मामांनी शांतपणे चष्मा चढवला. "कर्मचाऱ्याशी लग्न झालंय किंवा ठरलंय?"

"ठरलंय," तो म्हणाला.

"कुणी ठरवलं?"

"आम्ही दोघांनी."

"आम्ही सगळ्यांनी ऐकलं," रांगेतून एक बाई म्हणाल्या. "आता लिहा लवकर, माझी बस जाईल."

"ताई, कुलसचिव विचारतील," मामा म्हणाले, "प्रवेशाच्या किती आधी ठरलं?"

"कलमात 'आधी' म्हटलंय. किती, ते म्हटलेलं नाही."

मामांनी शिक्का मारला. त्याने सही केली.

ती खुर्चीवर बसली, केस कानामागे सारले आणि पेन उचललं.

"पुढचे या."

तो बाजूला सरकला. फार लांब नाही.