गवळणीचा चेहरा

"अहो, ती बाई आता लाथ खाणार बघा!"

हेस्टरला राहवलंच नाही. नदीकाठी विलोच्या झाडाखाली चित्र काढत बसलेला तरुण दचकून वळला.

"कोण बाई?"

"तुमच्या चित्रातली! गाईच्या डाव्या बाजूला बसून कुणी धार काढतं का? आमची चेरी गाय तर जागेवर आडवं करील."

तो इतका लाजला, की हेस्टरला हातातल्या बादल्या खाली ठेवून हसावं लागलं.

"मग बसायचं कसं, ते दाखवाल?" त्या चित्रकाराने, ॲम्ब्रोजने, विचारलं.

तिने दाखवलं. मग काय, रोजच दाखवावं लागलं! नदी रंगवून झाली, गवताच्या गंजी झाल्या, चर्चचा मनोरा झाला. हेस्टरकडे बघून काढलेला गवळणीचा चेहरा मात्र तो रोज पुसायचा.

"माझं नाक एवढं अवघड आहे?"

"नाक नाही... नजर."

हेस्टरचे कान तापले. पण पठ्ठ्या त्यापुढे बोलेल तर शपथ! शेवटी तिनेच विषय काढला. "सेंट मायकलच्या सणाला माझं चाकरीचं वर्ष भरतं. मग नव्या चाकरीसाठी बाजारात उभी राहीन. नव्या मालकाचं नाणं हातात घेतलं, की करार पक्का, वर्षभर तिकडेच... लांब."

"गावांची, झाडांची चित्रं कोण घेतं, हेस्टर? लोकांना भिंतीवर आपलीच तोंडं हवीत. मला धड घरसुद्धा नाही—"

"मी घर मागितलं?" म्हणत ती तरातरा निघून गेली.

सणाच्या सकाळी बाजार फुलला होता. दूरच्या नॉरफकच्या एका जाड्या शेतकऱ्याने हेस्टरचे मजबूत हात पाहिले आणि नाणं पुढे केलं. तिने रस्त्याकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. जड मनाने तिने हात पुढे केला...

"हेस्टर! घेऊ नकोस!"

कोपरांपर्यंत हिरव्या रंगाने माखलेला ॲम्ब्रोज गर्दीतून धापा टाकत येत होता.

"अहो, आधी मी विचारलंय!" शेतकरी डाफरला.

"तुम्ही वर्षासाठी विचारताय. मी... मी जन्मासाठी विचारतोय!"

हेस्टरने हात झटकन ॲप्रनमध्ये लपवला.

"लग्नाआधी पाद्रीबाबा तीन रविवार चर्चमध्ये आपली नावं वाचतील," ॲम्ब्रोज चाचरत म्हणाला. "तोवर विचार कर. नको वाटलं तर—"

"तीन रविवार?" हेस्टर साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली. "इतके दिवस थांबायचं?"