चारशे बारा मीटर

बसा रे. रस्ता खणायची परवानगी यायला बारा वाजणार, आणि तोवर मला काही झोप येणार नाही. ओमकार, तू मघाशी विचारलंस ना, रामनाथकाका, तुम्ही अमावास्येला खाडीच्या केबिनवर कुणाला एकटं का पाठवत नाही? आपला ठेकेदार म्हणतो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलं असेल. पण नागसेनचं फिरलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याची आहे.

नागसेन आमच्या केबल दुरुस्तीच्या जुन्या गँगमधला जॉइंटर, इथलाच, पडघ्याचा. केबलीतली केसाएवढी काच काचेला जोडायचा आणि जोड शोधून सापडायचा नाही. विहारात वाढलेला, भूतखेत म्हटलं की हसणारा. सोमवार, तीस डिसेंबर दोन हजार चोवीस. सोमवती अमावास्या. रात्री साडेनऊला तो जेवून उठला, मशीनची पेटी मोटारसायकलवर बांधली आणि बायकोला, विनिताला म्हणाला, "रीडिंग घेऊन येतो. कडी लावून घे." वडप्याला गोदामांसमोर कंटेनर अडकले होते, तिथे त्याने उभ्याउभ्या चहा घेतला. घाई नव्हती. काम पाच मिनिटांचं.

नव्या पोरांसाठी सांगतो. समुद्राच्या तळातून आलेली केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागते. तिचा एक फाटा खाडीच्या तळातून आपल्या बाजूला येतो आणि काठावरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये पाइपातून वर निघतो. तुमचे फोन, बँका, इस्पितळं, सगळं त्या मनगटाएवढ्या केबलीतून जातं. आणि राखण कुणाची? चिखलाची. लोकांना वाटतं, तोडायला शत्रूची पाणबुडी लागते. अरे, एक करवत आणि दमाचा एक माणूस पुरतो.

तेव्हाच्या आमच्या ठेकेदाराला हे बरोब्बर माहीत होतं. केबल तुटली की दुरुस्ती, आणि दुरुस्ती असली तरच गँग. त्या डिसेंबरात गँग बंद करायची वेळ आली तेव्हा त्याने नागसेनला बाजूला घेतलं. नागसेन नाही म्हणाला नाही. वीस घरांच्या चुली आहेत, असं त्याने मनाला समजावलं. त्या वीसांत माझीही होती, म्हणून मी त्याला शिव्या देत नाही.

पाण्यात उतरणार होता जानू, खाडीकाठचा रेतीवाला. बांबू धरून तळाला जायचं, बादली भरायची, वर यायचं, यातच त्याचा जन्म गेलेला. कमरेला काथ्याचा दोर. नायलॉन ओल्या हातातून निसटतो म्हणून त्याची बायको कलावती स्वतः काथ्या वळायची, आणि आपला दोर चारचौघांत ओळखू यावा म्हणून त्यात तिने आपल्या निळ्या लुगड्याची चिंधी वळली होती. होडीत दोराचं टोक ज्याच्या हातात, त्याच्या हातात खालच्याचा जीव. रेतीवाल्यांचा नेम साधा असतो. दोर ताणला की ओढायचं. विचार करत बसायचं नाही.

एकोणीस तारखेच्या पहाटे ते टोक नागसेनच्या हातात होतं. बभ्रा नको म्हणून दोघंच गेले. जानूने केबल कापली. कापल्याबरोबर ती उसळली, काचेभोवतीच्या लोखंडी तारा उलगडल्या आणि जानू त्यांत अडकला. दोर ताणला.

नागसेनने ढील दिली.

हसू नका. तुम्हीही दिली असती. केबलवाल्याचा हात तो. पंधरा वर्षं आपण एकच शिकतो, ताण आला की ओढायचं नाही, ढील द्यायची, नाहीतर आतली काच जाते. त्याने ढील दिली, अजून ताण आला, अजून दिली. चूक डोक्यात शिरेपर्यंत टोकही हातातून पाण्यात गेलं होतं.

गावात येऊन त्याने सांगितलं, रेतीला गेलो होतो, पुलाखाली होडी कलली, जानू वाहून गेला. पोलीस आले. गावच्या होड्या चार दिवस पुलापासून खाली समुद्राकडे शोधत राहिल्या, आणि नागसेन त्यांच्याबरोबर फिरत राहिला. जानू कुठे आहे हे ठाऊक असलेला एकटा माणूस, आणि तो गप्प. कलावती रडली नाही. तिने त्याचे दोन्ही हात उलटे करून पाहिले.

"दोर तुज्याच हातात व्हता ना?"

"हो, वयनी."

"हाताला तर कायच झाला न्हाय."

एवढंच बोलली आणि आत गेली. मंगळसूत्र तिने काढलं नाही. माणूस मिळाला नाही, तर काढायचं कशाच्या नावावर?

आता त्या रात्रीचं. सकाळी सहाला दुरुस्तीची बोट यायची होती. नागसेन जे अंतर लिहून देईल, तिथे गळ टाकून ती केबल वर काढणार. खरं अंतर लिहिलं, तर केबलीबरोबर जानू वर येणार, करवतीचा काप दिसणार, नागसेन आत जाणार. खोटं लिहिलं, तर बोट भलतीकडे चिखल उपसणार, आणि कलावतीला अग्नी द्यायलाही काही मिळणार नाही. पाच मिनिटांचं काम म्हणालो ना, ते हे.

पावणेअकराला तो केबिनमध्ये शिरला. दिवा लावला. केबलीच्या टोकाला मशीन जोडलं. मशीन काचेत उजेड सोडतं, तुटल्या जागेवरून तो परत फिरतो, आणि जागा किती लांब ते पडद्यावर येतं.

चारशे बारा मीटर.

त्याने कागदावर लिहिलं, सहाशे. सही केली. तारीख घातली. पेन खिशाला लावलं.

मशीन वाजलं.

तीनशे नव्वद.

"काका, मशीन गरम झालं की असं दाखवतं."

थंडीचे दिवस होते, ओमकार. ऐक.

त्यालाही तेच वाटलं. बंद केलं. चालू केलं. तीनशे एकतीस. दुसऱ्या काचेला लावलं. दोनशे ऐंशी. तिसऱ्या काचेला... दोनशे सत्तेचाळीस. तुटकी जागा कधी सरकत नाही, बाबांनो. तुटलेली काच चालत येत नाही.

बाहेर भरती भरत होती. खाडी काठाला लागली होती, पण आवाज नव्हता. कुत्री नव्हती. हायवेची घरघर रात्रभर असते, तीही नव्हती.

टेबलावर बोलायचा संच पडला होता. पलीकडच्या काठावरच्या जॉइंटरशी काचेतूनच बोलतो आपण, तो. चांगल्या काचेवरच चालतो. तुटकीवर नाही.

त्याचा लाल दिवा लागला.

नागसेनने तो कानाला लावला. का लावला, ते त्याला आजही सांगता येत नाही. आत पाणी होतं. पाणी... आणि श्वास. डुबी मारून वर आलेला माणूस पहिला श्वास घेतो ना, छाती फाटल्यासारखा. तसा. पण तो संपत नव्हता. नुसता आत... आत... आत.

मग एक शब्द.

"वढ."

एकशे साठ.

भिंतीवर केबलीचं वेटोळं टांगलेलं होतं, जास्तीची केबल. ते खुंटीवर हललं. पाइपाच्या तोंडाशी केबल ताठ झाली.

नागसेनने दोन्ही हातांनी धरली. आणि ओढली. या वेळी ओढली, पोरांनो. पाय भिंतीला लावून ओढली. रडत होता. "येतो, जानू, ओढतो," म्हणत होता. माणसाचं वजन लागत होतं हाताला. ओलं वजन. हातभर येत होतं. अजून हातभर.

नव्वद.

चाळीस.

कागद... त्याने पायानेच कागद दूर लोटला.

एकोणीस.

चिखलाचा वास आला. काथ्याचा.

सहा.

पाइपाच्या तोंडातून आधी पाणी आलं. मग...

काय आलं, ते त्याने मला सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने आपल्याच बोटांकडे पाहिलं.

एवढंच म्हणाला, "काका... मी ढील दिली."

सकाळी पावणेसहाला बोटवाल्यांबरोबर मी पोचलो. नागसेन केबिनच्या दाराशी मुठी आवळून बसला होता. आत सगळं कोरडं. वेटोळं खुंटीवर जसंच्या तसं, त्यावर धूळसुद्धा जागची. मशीनवर चारशे बारा. त्याने मला सगळं सांगितलं आणि म्हणाला, कागद फाडा. मी फाडला. नव्या कागदावर खरं अंतरही मीच लिहून दिलं. जे होईल ते होवो.

बोटीने चारशे बारावर गळ टाकला. केबल आली. करवतीचा काप आला, उलगडलेल्या तारा आल्या. जानू नाही आला. तीन दिवस उपसलं. दोर नाही, चिंधी नाही, हाड नाही. त्या एका रात्री तो येत होता, तेवढाच.

त्या पहिल्याच सकाळी नागसेन म्हणाला, पोलिसांत जाईन, पण आधी कलावतीकडे. मीच घेऊन गेलो. ती ओट्यावर बोंबील निवडत होती. तो समोर उभा राहिला, सगळं बोलला, एकोणीस तारखेपासून. तिने मान वर केली नाही. मग त्याने मुठी उघडल्या.

तळहाताची साल गेली होती. पार, बोटांपर्यंत. आणि उघड्या मांसावर पीळ उमटलेला. केबल वरून गुळगुळीत असते, प्लास्टिकची. तिला पीळ नसतो.

"वढलास?" तिने विचारलं.

"वढला, वयनी."

"आन मंग?"

त्याने हात तसेच पुढे धरले.  ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. तिचं सारं आयुष्य होडीवाल्यांचे हात बघण्यात गेलेलं.

"वढनाऱ्याच्या हाताला फोड येतो," ती म्हणाली. "साल जाते ती सोडनाऱ्याची."

मग तिने त्याचा उजवा हात मांडीवर घेतला. काटा काढावा तसं दोन नखांनी मांसात रुतलेलं काहीतरी धरलं आणि हळू ओढलं. निघतच राहिलं. वीतभर निघालं. निळ्या लुगड्याचा धागा.

तिने तो पदराच्या टोकाला बांधला आणि पुन्हा बोंबील निवडायला घेतले.

नागसेन आता तुरुंगात आहे. त्याच्या हातांच्या मुठी वळत नाहीत. तेव्हाचा ठेकेदार बाहेर आहे, आणि केबल तिथेच, चिखलात. परवा मी कलावतीकडे गेलो होतो. मंगळसूत्र अजून गळ्यात आहे. पदराची गाठ तिने मला दाखवली, म्हणाली, हात लावून बघा.

भर उन्हात बसली होती ती. धागा ओला होता.